नागरिकत्वाचा अर्ज आणि भाषेची अट

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर असलेल्या मोठ्या रुग्णालयाला सारे शहर 'हिंदूराव' म्हणून ओळखते. परंतु हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटग्यांच्या घराण्यातील पुरुष, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू, ही गोष्ट येथील मराठी मंडळींपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. १८३५ साली कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा खून झाला. त्याचा टेकडीवरील बंगला पुढे हिंदूरावांनी घेतला. १८५७ च्या वेढ्यात ती वास्तू तोफांच्या माऱ्याखाली आली, कालांतराने तेथे इस्पितळ झाले. पण नाव मात्र टिकले. दिल्लीकर होण्यासाठी हिंदूरावांना अर्ज करावा लागला नाही. त्या काळी सरदार होते, रयत होती; 'नागरिक' ही कल्पना अद्याप यावयाची होती.

याच टेकडीवरून उतरून यमुनेच्या काठाने गेले, की मजनू का टीला लागतो. तेथे सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांची वस्ती आहे. ही माणसे रहिवासी झाली, परंतु नागरिक होण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. २०१९ च्या दुरुस्तीखालील पहिली चौदा प्रमाणपत्रे दिल्लीत देण्यात आली ती १५ मे २०२४ रोजी. राहणे आणि नागरिक असणे यांत केवढे अंतर असते, हे जन्मानेच नागरिक असलेल्या आम्हांस सहसा जाणवत नाही.

हे अंतर ज्या मजकुराने बांधले आहे, तो १९५५ चा नागरिकत्व कायदा एकदा वाङ्मयीन दृष्टीने वाचावा, असे आम्हांस वाटते. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अर्जदारासाठी अटी घातल्या आहेत. त्यांतील बहुतेक मोजणीच्या आहेत: अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे वास्तव्य. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून आलेल्या ठरावीक सहा धर्मांच्या लोकांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने या अकरांची पाच वर्षे केली. शिवाय सच्छील वर्तन हवे, आणि पूर्वीच्या देशाचे नागरिकत्व सोडण्याची हमीही द्यावी लागते. या हिशेबी अटींमध्ये एक अट मात्र निराळ्या जातीची आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान अर्जदारास असले पाहिजे.

कोणत्या भाषेचे, हे कायदा सांगत नाही, आणि त्याचे थोरपण या न सांगण्यात आहे. इंग्लंड वा अमेरिका यांचे नागरिकत्व मागणाऱ्या आमच्या बांधवांना सामान्यतः इंग्रजीचे ज्ञान दाखवावे लागते. येथे मात्र बावीस दरवाजे आहेत आणि सर्वांची उंची सारखी आहे. १९६७ साली अनुसूचीत आलेली, स्वतःचे राज्य नसलेली सिंधी त्यांत आहे. १९९२ साली आलेली कोकणी आहे. आणि आरंभापासूनच मराठी आहे. दिल्लीत राहणाऱ्या परदेशी माणसाने हिंदीऐवजी मराठीच्या बळावर अर्ज केला, तरी भाषेची अट पुरी होते. भाषा आणि प्रांत यांची गाठ इतक्या सहजतेने सोडविणारे वाक्य आमच्या भाषिक वादांच्या वाङ्मयातही क्वचितच आढळेल.

याच मजकुरात एक दोषही आहे. 'पुरेसे' म्हणजे किती, याचे माप त्यात नाही. बाजारात भाव विचारण्याइतके, की शेजाऱ्याचे दुःख समजण्याइतके? त्यातच कायद्याने एक गमतीची सवलत ठेवली आहे: विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती अथवा मानवी प्रगती यांची असामान्य सेवा करणाऱ्यास सरकार कोणतीही अट माफ करू शकते. म्हणजे साहित्याची सेवा केल्याबद्दल भाषेतूनही सूट मिळू शकेल!

हे माप कायद्यात नसले, तरी माणसांच्या आयुष्यांत ते सापडते. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठी बोलीवर संशोधन केले, जाई निंबकरांसह मराठीचे व्याकरण व पाठ्यपुस्तके रचली, फलटणमध्ये शिक्षणसंस्था उभारली आणि भारतीय नागरिकत्व घेतले. गेल ऑम्वेट यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला, सांगली जिल्ह्यातील कासेगाव आपले गाव केले आणि १९८३ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. त्यांचे ग्रंथ मुख्यतः इंग्रजीत आहेत. पण ज्या शेतकरी व दलित चळवळींत त्या २०२१ पर्यंतचे आपले आयुष्य जगल्या, त्यांचे व्यवहार मराठीत चालत. दोघींच्या बाबतीत भाषा हा परीक्षेचा विषय राहिला नाही. ते कामाचे साधन झाले. 'पुरेसे ज्ञान' याचा याहून चांगला अर्थ आम्हांस सुचत नाही.

आणि येथे आमच्या वाङ्मयीन सवयीवर टीका करणे प्राप्त होते. अशा व्यक्तींविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा कौतुकाचाच सूर असतो: गोऱ्या बाई, पण मराठी किती छान बोलतात! कौतुकात प्रेम असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याचे भाषेबद्दल कौतुक होते, तो अजून पाहुणाच असतो. घरच्या माणसाच्या बोलण्याचे कोणी कौतुक करीत नाही, त्याच्याशी वाद घालते. बर्नसनबाईंच्या शिक्षणविचाराशी व ऑम्वेटबाईंच्या इतिहासमीमांसेशी मराठीत जेवढा खडाजंगी वाद व्हावयास हवा होता, तेवढा झाला असे आम्हांस वाटत नाही. सरकारने त्यांना नागरिक मानले. आमच्या समीक्षेने मात्र त्यांना सन्माननीय अतिथी ठेवले.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी जनांना ही टीका दुप्पट लागू पडते. पिढ्यान् पिढ्या दिल्लीत काढूनही 'आमच्याकडे' या शब्दाचा अर्थ आम्ही पुणे वा नागपूर असाच करतो, आणि येथील हिंदी, उर्दू व पंजाबी लेखनाविषयी मत देण्याचे टाळतो. कायद्याच्या दृष्टीने आम्हांस अर्ज करण्याची गरज नाही; म्हणूनच कदाचित येथे आपलेपणा मिळविण्यासाठी काही करावे लागते, याचा आम्हांस विसर पडला आहे. मजनू का टीला येथील माणसाने ज्यासाठी वर्षे मोजली, ते आम्हांस जन्मतः मिळाले. ते मिळूनही आम्ही येथे नुसते रहिवासी म्हणून राहिलो, तर दोष कायद्याचा नव्हे.