ख्रिस्तपुराणातील आज्ञा आणि शरणागती

ख्रिस्तपुराण हा साष्टीचा ग्रंथ. आम्हां ग्वाल्हेरकरांना तो दूरचा वाटावा हे स्वाभाविक आहे. तथापि १५७९ साली गोव्याहून अकबराच्या दरबारी निघालेली पहिली जेझुइट मंडळी ग्वाल्हेरच्याच वाटेने गेली होती. तिचे प्रमुख रुदोल्फ आक्वाव्हिवा पुढे १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे मारले गेले. त्याच साष्टीत टॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने आपले आयुष्य वेचले आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण प्रसिद्ध केले.

स्टीफन्सने मराठीची थोरवी गायिली, एवढ्यावरच आमची समीक्षा बहुधा संतुष्ट राहते. त्याने प्रतिपादन काय केले, हा प्रश्न मागे पडतो. त्याच्या जन्मभूमीत १५४७ पासून राजाज्ञेने नेमून दिलेली प्रवचने चर्चमधून वाचली जात. १५६९ च्या उत्तरेकडील बंडानंतर त्यांत बंडखोरीविरुद्ध एका लांबलचक प्रवचनाची भर पडली. त्यात ल्युसिफर हा पहिला बंडखोर ठरतो आणि आदामाच्या पतनाचा आधार राणीच्या सिंहासनाला मिळतो. ईश्वराची आज्ञा आणि राजाची आज्ञा यांच्यांत तेथे अंतर उरत नाही. कॅथलिक स्टीफन्सने हे अंतर राखण्यासाठीच स्वदेश सोडला, असे म्हणावयास हरकत नाही. देवदूतांचे व आदामाचे तेच पतन तोही सांगतो. परंतु त्याच्या कथेला इंग्लंडच्या सिंहासनाशी काही कर्तव्य नाही.

मग साष्टीतील सत्तेचे काय? १५६७ मध्ये तेथील देवळे पाडली गेली होती. जुन्या पोथ्या वाचण्याची सोय राहिली नव्हती. पुराणातील श्रोता पाद्र्याजवळ नवे पुराण मागतो, त्या मागणीमागे हा इतिहास उभा आहे. श्रोत्याला शंका विचारण्याची मुभा आहे (इंग्लंडातील श्रोत्याला तीही नव्हती), पण उत्तर आधीच ठरलेले आहे. ज्याला दुसरी वाट उरलेली नाही त्याच्या नमनाला शरणागती म्हणावे काय? वारकरी संप्रदायात शरण जाणारा भक्त देवाशी भांडतो, रुसतो, त्याला बोल लावतो. ते स्वातंत्र्य येथील श्रोत्याला नाही, आणि म्हणूनच जेथे केवळ विधिनिषेध सांगावयाचे असतात तेथे ओवी कोरडी पडते, असे आमचे मत आहे.

परंतु दुसऱ्या पुराणात ख्रिस्त मरणाच्या आदल्या रात्री बागेत प्रार्थना करतो, तेथे स्थिती पालटते. आता नमणारा श्रोता नसून स्वतः देवपुत्र आहे. तो भितो, हा प्याला टळावा म्हणून विनवितो, आणि मगच पित्याची इच्छा स्वीकारतो. आज्ञेपूर्वी नकाराला येथे जागा मिळते, आणि मराठी श्रोत्याच्या ओळखीची शरणागती तीच. मराठीच्या स्तुतीच्या ओव्या वर्गांत पुष्कळ शिकवून झाल्या. शिक्षकांनी आता हा प्रसंग शिकवावयास घ्यावा.