त्रिरश्मीवरील अनुकृती : लेणे क्र. ३ चा पुनर्विचार

नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्र. ३ चा विहार क्र. १० ची अनुकृती, म्हणून कनिष्ठ, हे मत वसाहतकालीन अभ्यासकांपासून रूढ आहे. क्र. १० नहपानाचा जामात उषवदात याचे, क्र. ३ गौतमी बलश्रीचे, पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील दानलेखाचे. क्र. ३ च्या स्तंभशीर्षांवरील घंटा आखूड, घटासारखी, क्र. १० ची लय तीत नाही, हे मान्यच करावे लागते.

परंतु अनुकृतीमागील हेतूचा प्रश्न येथे संपत नाही. ज्या क्षहरात कुळाच्या उच्छेदाचा गौरव बलश्रीच्या लेखात आहे, त्याच कुळाच्या विहाराचा आराखडा तिने का स्वीकारावा? १९०६ साली सापडलेल्या जोगळटेंभीच्या निधीत नहपानाची नऊ हजारांहून अधिक नाणी गौतमीपुत्राने पुनर्मुद्रित केलेली आहेत. जुना मुखवटा न वितळवता त्यावर आपला ठसा उमटविण्याची हीच रीत लेण्यातही दिसते. ओसरीचा भार वाहणारे सहा गण आणि द्वारपट्टीवरील स्त्री-पुरुषांचे कथाशिल्प ही क्र. ३ ची स्वतंत्र भर होय.

ऑर्फियस-युरिडिसीचे मूळ ग्रीक शिल्प नष्ट झाले. ते नेपल्समधील रोमन संगमरवरी प्रतीवरून कळते. नाशिकलाही तसेच घडले. क्र. १० च्या मागील भिंतीवरील स्तूप कालांतराने तासून तेथे भैरव कोरला गेला. चवरीधारिणींसह अखंड स्तूप आज पाहावयाचा तो ‘कनिष्ठ’ क्र. ३ मध्येच.