विजयनृत्य आणि खिडकीतील मीखल

फुटबॉलच्या सामन्यात चेंडू जाळ्यात गेला, की मध्यरेषेवरून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत मिनिटभराचा अवकाश मिळतो. खेळाच्या हिशेबात हे मिनिट रिकामेच असते. परंतु गेल्या काही दशकांत त्याच मिनिटाला एका छोट्या नाट्यप्रयोगाचे रूप आले आहे. गोल करणारा खेळाडू धावतो, नाचतो, गुडघ्यांवर घसरत जातो, आकाशाकडे बोट दाखवतो, क्वचित क्रूसाची खूण करतो. आणि हजारो प्रेक्षक या प्रयोगाला टाळ्या तरी देतात किंवा शिव्या तरी. या नाट्याचा, आणि विशेषतः त्याला प्रतिपक्षाचे पाठीराखे जो प्रतिसाद देतात त्याचा, विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. विश्वचषकाच्या दिवसांत ज्या घरी रात्रीची प्रार्थना आटोपून सारे कुटुंब दूरदर्शन संचासमोर बसते, त्या घराला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम नाट्याकडे पाहू. १९९० साली इटलीतील विश्वचषकात कॅमेरूनच्या रॉजर मिला याने रुमानियाविरुद्ध दोन गोल केले. वय वर्षे अडतीस. निवृत्तीच्या उंबरठ्यावरून परत बोलावलेला हा खेळाडू. गोल होताच तो मैदानाच्या कोपऱ्यातील निशाणापाशी धावत गेला आणि कमरेवर हात ठेवून नाचला. चार वर्षांनी, १९९४ साली, अमेरिकेत नेदरलँड्सविरुद्ध गोल केल्यावर ब्राझीलच्या बेबेतो याने दोन्ही हात जुळवून पाळणा झुलवला. त्याला नुकताच पुत्र झाला होता. रोमारिओ आणि माझिन्यो हे सहकारी त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून तोच पाळणा झुलवू लागले. या दोन्ही प्रसंगांत शब्द एकही नव्हता. जे होते ते केवळ अंगविक्षेपांतून प्रकट होणारे, आपल्या नाट्यशास्त्राने ज्याला आंगिक अभिनय म्हटले आहे ते. तरीही त्याचा अर्थ जगातील कोणत्याही भाषेच्या माणसाला कळला. पराभूत संघाच्या चाहत्यांना दुःख झालेच असेल, पण त्या पाळण्याने आपला अपमान झाला असे म्हणणारा चाहता आढळणे कठीण.

असे प्रदर्शन मुळातच अनुचित आहे, खेळाडूने गोल करावा आणि मान खाली घालून परत फिरावे, असे मानणारे सज्जन आपल्यात आहेत. ख्रिस्ती नम्रतेला तेच शोभते, असेही ते म्हणतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु ख्रिस्तसभेची परंपरा त्यांच्याइतकी कठोर नाही. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील १६८वा प्रश्न ज्या विषयांना दिला आहे, त्यांत खेळ आणि विनोद हे आहेत. शरीराला जशी विश्रांती हवी तसा आत्म्यालाही विरंगुळा हवा, असे ते सांगतात. आणि खेळात योग्य प्रमाण राखण्याला ॲरिस्टॉटलच्या आधारे एका सद्‌गुणाचे नाव देतात. त्यांच्या अटी तीन आहेत: खेळात अभद्र किंवा इजा करणारे काही नसावे, मनाचा तोल जाऊ नये, आणि खेळ व्यक्तीला, काळाला व स्थळाला शोभणारा असावा. या कसोट्यांवर मिलाचे नृत्य आणि बेबेतोचा पाळणा सहज उतरतात.

कसोटीवर न उतरणारे प्रयोगही आहेत. २००९च्या सप्टेंबरात मँचेस्टर सिटीकडून खेळणाऱ्या इमॅन्युएल आदेबायोर याने आपल्या जुन्या संघाविरुद्ध, आर्सेनलविरुद्ध, गोल केला. गोल एका टोकाला झाला आणि आर्सेनलचे पाठीराखे बसले होते दुसऱ्या टोकाला. तो संपूर्ण मैदान ओलांडून धावला, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर घसरला आणि हात पसरून उभा राहिला. गॅलरीतून वस्तूंचा मारा झाला. या वर्तनाबद्दल पुढे त्याच्यावर कारवाईही झाली. सामनाभर त्या गॅलरीतून त्याला शिवीगाळ होत होती, ही गोष्ट खरी. त्यामुळे त्याचा संताप समजतो. परंतु समजणे आणि समर्थन करणे यांत अंतर आहे. जे अंगविक्षेप आपल्या माणसांसमोर केले असते तर आनंद ठरले असते, तेच दुखावलेल्यांसमोर मुद्दाम जाऊन केल्याने जखमेवरचे मीठ ठरले.

आमच्या मते या कलेचा पहिला निकष येथे हाती लागतो: प्रयोग कोणाकडे तोंड करून चालला आहे? आपल्या आनंदाकडे, की दुसऱ्याच्या पराभवाकडे? २०१७च्या एप्रिलमध्ये लिओनेल मेस्सी याने माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर अखेरच्या क्षणी विजयी गोल केला आणि अंगातील जर्सी काढून ती रेआल माद्रिदच्या प्रेक्षकांसमोर उंच धरली. त्याच ऑगस्टमध्ये क्रिस्तियानो रोनाल्डो याने बार्सेलोनाच्या मैदानावर गोल करून तीच कृती उलट दिशेने केली. मेस्सीची कृती सुंदर आणि रोनाल्डोची उर्मट, किंवा याच्या नेमके उलट, असे मत ज्याच्या त्याच्या संघनिष्ठेप्रमाणे ठरले. नियमाने मात्र दोघांनाही पिवळे कार्ड दाखवले. कारण जर्सी काढणे आणि चिथावणीखोर हावभाव करणे हे दोन्ही फुटबॉलच्या बाराव्या नियमानुसार ताकीदपात्र आहे. जल्लोष करण्यास तोच नियम मोकळीक देतो. नियम एकच आणि चाहत्याचे मत दोन, ही विसंगती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येथून आम्ही प्रेक्षकाकडे वळतो. आजवर परीक्षा खेळाडूचीच होत आली. प्रेक्षक हा जणू परीक्षक. पण तोही या प्रयोगाचा एक पात्रधारी आहे आणि त्याचाही अभिनय तपासला पाहिजे.

२००७ साली ब्राझीलमध्ये क्रुझेरो आणि अत्लेतिको मिनेइरो या कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यात केर्लोन नावाचा तरुण खेळाडू चेंडू कपाळावर नाचवीत, सर्कशीतील सील माशासारखा धावत सुटला. या कसरतीबद्दल तो आधीच प्रसिद्ध होता. प्रतिपक्षाच्या बचावपटूने त्याला सरळ अंगावर जाऊन आडवे केले आणि लाल कार्ड ओढवून घेतले. त्यानंतर वाद रंगला तो दोष कोणाचा यावर. ज्याने धडक दिली त्याचा, की ज्याने चेंडू कपाळावर नाचवून दुसऱ्याला ‘खिजवले’ त्याचा? चेंडू कपाळावर तोलणे नियमबाह्य नव्हते, आणि त्याने कोणालाही स्पर्श केला नव्हता. तरीही त्याचे कौशल्य हाच कित्येकांना त्याचा अपराध वाटला.

२०२२ साली कतारमध्ये ब्राझीलने दक्षिण कोरियाला चार विरुद्ध एक असे हरवले. प्रत्येक गोलनंतर खेळाडू नाचले, आणि एकदा तर एकसष्ट वर्षांचे प्रशिक्षक चिची हेही त्यांच्यात सामील झाले. आयर्लंडचे माजी कर्णधार रॉय कीन यांनी दूरचित्रवाणीवर त्याला प्रतिस्पर्ध्यांचा अनादर म्हटले. चिची यांचे म्हणणे असे, की आपले खेळाडू तरुण आहेत, त्यांची भाषा नृत्याची आहे आणि आपण त्या भाषेशी जुळवून घेतो. कीन यांचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. हरलेल्याच्या डोळ्यांदेखत फार वेळ नाचू नये, ही सभ्यतेची सूचना योग्यच आहे. परंतु ते नर्तक आपापसांत वर्तुळ करून नाचत होते, आणि त्यांची तोंडे एकमेकांकडे होती. ज्या देशाने गारिंचासारख्या खेळाडूला ‘लोकांचा आनंद’ हे नाव दिले, त्या देशाचा आनंद मुकाट्याने व्यक्त होईल ही अपेक्षाच गैर. एका संस्कृतीचे मौन दुसऱ्या संस्कृतीवर शिष्टाचार म्हणून लादता येत नाही.

मत्सर जेव्हा शिष्टाचाराचे वस्त्र पांघरतो, तेव्हा पुढे काय होते हे स्पेनमध्ये दिसले. रेआल माद्रिदचा कृष्णवर्णीय ब्राझिलियन खेळाडू व्हिनिसियुस ज्युनियर गोल केल्यावर नाचतो. २०२२च्या सप्टेंबरात त्याच्या नृत्यावर टीका सुरू झाली. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याच्या नाचण्याला माकडचेष्टांची उपमा दिली गेली, आणि काही दिवसांतच अत्लेतिको माद्रिदच्या मैदानाबाहेर जमलेल्या चाहत्यांनी तोच शब्द गाण्यात गुंफला. जानेवारी २०२३मध्ये माद्रिदच्या एका पुलावरून त्याची जर्सी घातलेला पुतळा फासावर लटकवलेला आढळला. मे महिन्यात व्हॅलेन्सिया येथे वर्णद्वेषी शिव्यांमुळे सामना काही काळ थांबवावा लागला. त्या प्रकरणी तिघा प्रेक्षकांना न्यायालयाने जून २०२४मध्ये आठ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. स्पेनमधील फुटबॉल मैदानावरील वर्णद्वेषी शिव्यांबद्दल झालेली ही पहिली शिक्षा होय.

या काळात अनेक प्रतिष्ठित मुखांतून एक वाक्य वारंवार ऐकू आले: ‘पण तोही चिथावतोच ना!’ व्हिनिसियुसचे वर्तन सदैव आदर्श असते असे नाही. तो पंचांशी हुज्जत घालतो, गॅलरीकडे पाहून हावभावही करतो. त्याबद्दल पिवळे कार्ड आहे, आणि ते त्याला मिळतेही. परंतु नृत्याचे उत्तर फासावरचा पुतळा असू शकत नाही. ‘त्याने चिथावले’ हे वाक्य आपण मैदानाबाहेरही ऐकतो: घरात हात उगारणाऱ्याच्या तोंडून, दंगलीनंतरच्या जबानीत. हे वाक्य उच्चारणारा आपल्या हाताने घडलेल्या पापाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या पदरात घालीत असतो. पापनिवेदनाच्या वेळी ते चालत नाही. तेथे प्रत्येकाने स्वतःचेच पाप सांगायचे असते.

आता याच खेळातील दुसरे चित्र पाहावे. १९ नोव्हेंबर २००५ रोजी बार्सेलोनाने बर्नाबेऊ मैदानावर रेआल माद्रिदला तीन विरुद्ध शून्य असे नमवले. त्यांपैकी दोन गोल रोनाल्डिन्यो याचे होते. तो खेळाडू म्हणजे मूर्तिमंत प्रदर्शन: एकीकडे पाहून दुसरीकडे चेंडू देणारा, चेंडूशी लडिवाळपणे खेळणारा, सतत हसणारा. त्याच्या दुसऱ्या गोलनंतर माद्रिदचे प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी आपल्या सर्वांत कडव्या शत्रूसाठी टाळ्या वाजवल्या. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २००२मध्ये, बार्सेलोनाच्या मैदानावर संघ सोडून माद्रिदला गेलेल्या लुईस फिगो याच्या दिशेने डुकराचे मुंडके फेकले गेले होते. वैर तेच, संघ तेच. फरक एवढाच, की एका रात्री गॅलरीने द्वेषाला वाट दिली आणि दुसऱ्या रात्री सौंदर्याला.

२०१८च्या एप्रिलमध्ये तुरिन येथे युव्हेंटसविरुद्ध रोनाल्डोने हवेत उलटे होऊन गोल केला, तेव्हा त्या पराभूत नगराचे प्रेक्षकही उभे राहिले. आठ महिन्यांपूर्वी बार्सेलोनात जर्सी दाखवणारा हाच रोनाल्डो. येथे त्याने छातीवर हात ठेवून त्यांचे आभार मानले. टाळ्यांनी त्याच्यातील उर्मटपणा निदान त्या रात्रीपुरता तरी विरघळवला. म्हणजे प्रेक्षकाचा प्रतिसाद खेळाडूच्या वर्तनाला घडवतोही. आपल्या काव्यशास्त्राने कलेच्या आदर्श आस्वादकाला ‘सहृदय’ म्हटले आहे. बर्नाबेऊ आणि तुरिन येथील त्या दोन रात्री प्रतिपक्षाचा प्रेक्षक सहृदय झाला. स्वतःच्या संघाच्या गोलला टाळी वाजवायला हृदय लागत नाही, निष्ठा पुरते. दुसऱ्याच्या गोलला टाळी द्यायची तर हृदयच हवे.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला हे सारे अपरिचित नाही. परमेश्वराचा कोश यरुशलेमेत आणताना दाविद राजा सर्व शक्तीनिशी नाचला, आणि शौलाची कन्या मीखल खिडकीतून ते पाहून मनातल्या मनात त्याचा तिरस्कार करू लागली. तिचा आक्षेप शिष्टाचाराचाच होता: राजाने चारचौघांत असे वागावे काय? पण तिच्या बापाचे राज्य याच दाविदाकडे गेले होते, हे विसरून तो आक्षेप वाचता येत नाही. लूककृत शुभवर्तमानातील थोरला भाऊही शेतातून परतताना वाद्यांचा आणि नाचाचा आवाज ऐकतो, आणि उंबरठ्याबाहेरच थांबतो. त्याची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. त्याने खरोखरच कष्ट उपसले होते. प्रभू येशू त्याची निर्भर्त्सना करून कथा संपवीत नाही. पिता स्वतः बाहेर येतो आणि त्याची मनधरणी करतो. मात्र थोरला भाऊ आत गेला की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. तो निर्णय ऐकणाऱ्यावर सोपवलेला आहे.

संत थॉमस त्याच १६८व्या प्रश्नात शेवटी आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती आमच्या प्रवचनांतून क्वचितच ऐकू येते. आनंदाचा अतिरेक हा जसा दोष, तसा आनंदाचा अभाव हाही दोष. जो स्वतः कोणाला आनंद देत नाही आणि इतरांच्या आनंदातही विघ्न आणतो, तो विवेकाविरुद्ध वागतो. खेळाडूच्या उन्मादावर आपण पुष्कळ बोललो. प्रेक्षकाच्या या कडवट कोरडेपणावर मात्र बोलायचे राहून गेले.

फुटबॉल आमच्या समाजाला उसना मिळालेला खेळ नव्हे. गोव्यात तो रुजवण्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंना दिले जाते. अर्जेंटिनातील ज्या सान लोरेन्सो संघाचे पोप फ्रान्सिस आजन्म चाहते होते, तोही १९०८ साली एका सलेशियन धर्मगुरूच्या आश्रयाने उभा राहिला. चर्चच्या मैदानावर आजही आपली मुले खेळतात आणि दूरदर्शनवर पाहिलेले नृत्य हुबेहूब करून दाखवतात. त्यांना नाचू द्यावे. एवढेच शिकवावे, की नाचताना तोंड आपल्या सवंगड्यांकडे असावे, हरलेल्याकडे नव्हे. आणि हरलेला समोर उभा असेल तर आधी त्याचा हात हाती घ्यावा.

परंतु अधिक अवघड पाठ रेषेबाहेर उभ्या असलेल्या आपणा वडीलधाऱ्यांसाठी आहे. शेजारच्या धर्मग्रामाच्या संघाने गोल केला, की आपल्या तोंडून जे शब्द निघतात ते आपली मुले ऐकत असतात. शेजाऱ्याच्या घराला मजला चढला, त्याच्या मुलीला परदेशी नोकरी लागली, त्याच्या अंगणात बँड वाजला, की आपल्या मनात जी कुरकुर उठते, तिचा सराव आपण मैदानाच्या कडेलाच करीत असतो. आणि दुसऱ्याच्या आनंदाला टाळी देण्याचा सरावही तेथेच होऊ शकतो. मीखलेची खिडकी प्रत्येक घराला असते. दारही असते.