क्रिस्तपुराणांतील शांतरस

फादर थॉमस स्टीफन्सकृत क्रिस्तपुराणाचा उल्लेख आमच्या वाङ्मयेतिहासांत बहुधा दोनच कारणांनीं होतो. कोणी पहिल्या अवस्वरूंतील मराठीची स्तुति उतरून घेतो, तर कोणी एका इंग्रजानें ओवी लिहिली याचें कौतुक करितो. सालढाणा यांच्या आवृत्तींत या ग्रंथाच्या १०,९६२ ओव्या आहेत. वरील दोन्ही कामांसाठीं त्यांपैकीं पंचवीसही वाचाव्या लागत नाहींत. ज्यांच्यासाठीं हा ग्रंथ रचला गेला, त्यांस त्यानें काय दिलें हा प्रश्न मागेंच राहतो. संकटांत ख्रिस्तावरील श्रद्धेनें शांति, आनंद आणि ऐक्य लाभतें, असें त्या धर्माचे उपदेशक सांगत आले आहेत. हें वचन या मराठी ग्रंथांत कितपत खरें उतरलें आहे, तें पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम एक स्थलनिर्णय केला पाहिजे. आम्ही ज्या ऐरोलींत हें लिहीत आहों, तेथून खाडीपलीकडे दिसते ती साष्टी ठाण्याची. स्टीफन्सची साष्टी गोव्यांतील. दोन्ही नांवें सहासष्ट गांवांच्या गणनेवरून, म्हणजे 'षट्षष्टि' या शब्दावरून आलीं असें मानितात. त्यामुळें उतारे देणाऱ्यांचा घोटाळा होतो. स्टीफन्स १५७९ त गोव्यास उतरला व १६१९ त तेथेंच निवर्तला; मधल्या काळाचा बहुतेक भाग त्यानें गोव्याच्या साष्टींत घालविला. तो येण्यापूर्वीं, १५६७ त, त्या प्रांतांतील देवळें पाडण्यांत आलीं होतीं. १५८३ त कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले. पुढें पोर्तुगीज अंमलदारांनीं त्या गांवच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार केलें. नव्यानें ख्रिस्ती झालेल्यांस जुन्या पोथ्या वाचण्याची मनाई होती. क्रिस्तपुराण १६१६ त रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें, तें या पार्श्वभूमीवर.

ग्रंथोत्पत्तीची कथा कवीनेंच दिली आहे. एका आदितवारीं धर्मशिक्षण चाललें असतां एका ब्राह्मणानें विनंति केली कीं, जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या जागीं मनोरंजक असें दुसरें कांहीं आम्हांस द्यावें. आमच्या मतें सबंध ग्रंथाचा अर्थ या विनंतींत सांठविला आहे. ती तत्त्वजिज्ञासूची पृच्छा नव्हे, पोथी गेलेल्या श्रोत्याची मागणी आहे. ज्या पक्षानें पोथी काढून घेतली, त्याच पक्षाचा एक पुरुष नवी पोथी देत आहे, हें विसरून केलेली स्तुति पोकळ होईल. उलट, एवढेंच धरून ग्रंथास निव्वळ प्रचार म्हणणें म्हणजे न वाचतां निकाल देणें होय.

आतां शांतीचा विचार. आमच्या साहित्यशास्त्राप्रमाणें शांतरसाचा स्थायीभाव शम किंवा निर्वेद. आनंदवर्धनानें महाभारताचा प्रधान रस शांत ठरविला, तो यादव-पांडवांच्या विरस अवसानावरून; सर्व वैभव नासतें हें पाहून मन निवृत्त होतें. क्रिस्तपुराणांतील शांति या वाटेनें येत नाहीं. दुसऱ्या पुराणांतील दुःखभोगाच्या प्रकरणांत शोक मंदावत नाहीं, मातेचा विलाप आवरला जात नाहीं, आणि श्रोत्यास संसारापासून दूर ओढण्यापेक्षां त्याच्या शेजारीं बसून रडण्याकडे कवीचा कल अधिक आहे. मग हा करुण म्हणावा काय? शास्त्रकार म्हणतात कीं, पुनर्मीलनाची आशा संपली म्हणजे करुण. आशा उरली म्हणजे विप्रलंभ. कादंबरींत पुंडरीक मृत झाल्यावर आकाशवाणीनें महाश्वेतेस भेटीचें आश्वासन मिळतें, म्हणून तेथें करुणविप्रलंभ मानिला गेला. दुःखभोगाच्या मागून पुनरुत्थान येणार हें श्रोत्यास आधींच ठाऊक असल्यामुळें क्रिस्तपुराणांतील शोकाची जात याच वर्गांत पडते. तेथील शांति आशेंतून निघालेली आहे, वैराग्यांतून नव्हे. ज्यांनीं देव, गांव व आप्त गमावले होते, त्यांस वैराग्याचा उपदेश करणें क्रूरपणाचें झालें असतें. ग्रंथाचें हें अंग आम्हांस सर्वांत बळकट वाटतें.

आनंदाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. जन्मोत्सव व पुनरुत्थान हे आनंदाचे प्रसंग सर्वच ख्रिस्ती काव्यांत असतात. येथें विशेष आहे तो छंदाचा. पहिल्या तीन चरणांचें यमक साधून चौथा आंखूड चरण सोडणारी ग्रांथिक ओवी एकनाथकालीन श्रोत्याच्या कानांत मुरलेली होती. नव्या कथेस जुनी चाल मिळतांच श्रोता परका उरला नाहीं. मागणाऱ्या ब्राह्मणास आपली पोथी परत मिळाली नाहीं. परंतु आपली ओवी मिळाली, व त्या आनंदाचा वांटा लहान नव्हता.

ऐक्याचे बाबतींत मात्र ग्रंथ उणा पडतो. जेथें जेथें कवि जुन्या दैवतांचें खंडन करूं लागतो, तेथें त्याचा स्वर कठोर होतो व ओवीचा ओघ वादांत अडकतो. एका घरांतील एक भाऊ बाटला व दुसरा नदीपार अंत्रुजेस गेला, अशा काळीं तें खंडन भावाभावांतील भिंत उंच करणारें होतें. ख्रिस्ती झालेल्यांतही बामण व चार्दो हा भेद पुढें शतकानुशतकें टिकला. तेव्हां एका वेदीपुढें सर्व एक झाले, असें म्हणण्यास इतिहासाचा आधार नाहीं.

तथापि पुढील काळानें ग्रंथास दुसरें एक ऐक्य दिलें. १६८४ त पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. म्हणजे राज्यकर्त्यांनीं ज्या धर्माचें छत्र धरिलें, त्याच धर्माची मराठी पोथी त्यांस अडचणीची झाली. गोव्याहून पुष्कळ ख्रिस्ती घराणीं कानड्यांत गेलीं. त्या समाजास टिपू सुलतानानें १७८४ त श्रीरंगपट्टणास नेऊन बंदींत ठेविलें. १७९९ त टिपू पडल्यावर उरलेले सुटले. शंभरांवर वर्षें लोटल्यावर, १९०७ त, जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूरास ग्रंथ छापिला, तो याच समाजांत जपलेल्या हस्तलिखितांवरून. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. छापखान्यानें जें गमावलें तें घरांनीं राखिलें. ज्या पोथीनें कांहीं दिलें नसेल, ती पोथी इतक्या हालअपेष्टांत कोणी उतरून ठेवीत नाहीं. शांतीच्या वचनास याहून सबळ पुरावा आम्हांस तरी दिसत नाहीं.

पाठाचा प्रश्न येथेंच येतो. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रति जस्टिन ॲबट यांनीं निदर्शनास आणिली व तीच मूळ होय असें प्रतिपादिलें. तींत रोमन प्रतींतील अनेक पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आढळतात. कवीनें प्रथम संस्कृत शब्द योजिले व छापतांना बदलले, कीं मागाहून कोणा पंडितानें ग्रंथ संस्कृतप्रचुर केला, यावर ग्रंथाच्या रसाचाही निकाल अवलंबून आहे. 'मुक्ति' हा शब्द ऐकणाऱ्या साष्टीकराच्या मनांत जुने संस्कार जागे होणार; पोर्तुगीज शब्दानें ते होणार नाहींत. देवनागरींत १९५६ त शांताराम बंडेलू यांनीं व १९९६ त कॅरिदाद द्रागो यांनीं हा ग्रंथ वाचकांस सुलभ केला. परंतु दोन्ही परंपरांचे पाठ ओवीगणिक समोरासमोर मांडून केलेला विचार प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशीं असला पाहिजे.

आमच्या संग्राहक मित्रांस शेवटीं एक विनंति. आपण पोथ्या लिपीवरून निवडतों. मोडी व बाळबोध दप्तरें घेतों, रोमन अक्षरें दिसलीं कीं 'फिरंगी कागद' म्हणून बाजूस सारितों. पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत रामायण-महाभारतांच्या मराठी कथा रोमन लिपींतच राहिल्या आहेत. उत्तर कोंकणच्या बोलीस जवळ अशा मराठींत फ्रांसिस्कु व्हाझ द गिमारायस यानें रचिलेलें दुःखभोगाचें पुराण १६५९ त लिस्बन येथें छापलें, तेंही रोमन लिपींत. १७३७ त ठाणें व १७३९ त वसई मराठ्यांनीं घेतल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली. ख्रिस्ती वस्ती मात्र खाडीपलीकडील साष्टींत व वसईंत राहिली. त्या घरांच्या जुन्या पेट्यांत प्रार्थनेचीं बाडें असतील, तीं रद्दींत जाण्यापूर्वीं कोणी तरी उघडून एक ओळ मोठ्यानें वाचावी. ती मराठी निघाली, तर तिची जागा आपल्याच दप्तरांत आहे.

ऐरोली, जिल्हा ठाणें.