खोल्या आणि खण

राजवाडा पाहून आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'केवढा आहे हो?' असा, आणि आपले प्रवासवर्णनकार बहुधा त्या एका प्रश्नाचे उत्तर देण्यातच सगळी शाई संपवतात. बीजिंगच्या बादशाही राजवाड्याची, त्या 'निषिद्ध नगरी'ची मराठी वर्णने गेल्या काही वर्षांत मी जमतील तशी वाचली. पुस्तकांतून वाचली, दिवाळी अंकांतून वाचली, सहलीहून परतलेल्या स्नेह्यांनी कौतुकाने दाखवलेल्या टिपणवह्यांतूनही वाचली. मी स्वतः तेथे गेलेलो नाही. वाणगावाहून सुटणाऱ्या गाडीने माझी मजल फार तर मुंबईपर्यंत जाते. तेव्हा न पाहिलेल्या वास्तूबद्दल लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. पण मी वास्तूबद्दल लिहीत नसून तिच्या वर्णनांबद्दल लिहीत आहे, आणि वर्णन हे न पाहिलेल्यासाठीच केलेले असते. ते साधले की फसले हे सांगण्याचा हक्क माझ्यासारख्या घरी बसलेल्या वाचकाचाच आहे.

या बहुतेक वर्णनांत एक आकडा हटकून येतो. राजवाड्याला नऊ हजार नऊशे नव्याण्णव खोल्या आहेत. कोणी वर अर्धी खोलीही जोडतात. स्वर्गाधिपतीच्या महालाला दहा हजार, म्हणून पृथ्वीवरच्या त्याच्या पुत्राने आपला महाल थोडा उणा ठेवला, अशी ती दंतकथा. प्रत्यक्ष मोजणीत आकडा नऊ हजारांच्या आतच राहिला. पण दंतकथेतला आकडा खरा की खोटा याच्याशी मला कर्तव्य नाही. माझी तक्रार 'खोल्या' या शब्दाबद्दल आहे.

ही तक्रार मला सुचली ती एका सुतारामुळे. माझ्या पहिल्या कादंबरीत मी एक राजवाडा उभा केला होता. साठ खोल्या, झुंबरे, गालिचे, सारे यथासांग. आमच्या गावच्या एका वृद्ध सुताराने मुलाकडून ते प्रकरण वाचवून घेतले आणि रस्त्यात गाठून मला विचारले, "गुरुजी, तुमचा वाडा किती खणांचा?" मी म्हणालो, "साठ खोल्या आहेत, लिहिलंय की." "खोल्या नाय विचारत. खण किती? खण नाय तर खांब कुठं हाय? आन् खांब नाय तर तुमचा तो राजा आढ्याखाली उभा कसा?" मला उत्तर देता आले नाही. माझ्या वाड्यात खांबच नव्हते. तो आधी वाचलेल्या दहा वाड्यांच्या आठवणींवर तोलून धरलेला होता.

पुढे चिनी बांधणीविषयी वाचताना मला त्या सुताराची आठवण झाली. चिनी लोक इमारत ज्या मापाने मोजतात ते माप खोलीचे नव्हेच. खांबांच्या चौकटीत, वरच्या तुळयांखाली जी जागा येते ती एक, असा त्यांचा हिशेब. म्हणजे आपला खण! आपले आजोबा पाच खणांचे माजघर म्हणत ते जवळपास याच अर्थाने. त्या राजवाड्यातला सर्वांत मोठा दरबार दर्शनी बाजूस अकरा खणांचा आणि आत पाच खण खोल आहे; त्याचे छप्पर बहात्तर खांबांनी पेलले आहे. या एका दरबाराचे, मधे भिंत नसताना, पंचावन्न खण होतात. आमचे प्रवासी त्याच्याच पंचावन्न 'खोल्या' करतात, कारण इंग्रजी मार्गदर्शिकेत तसे छापलेले असते. ज्या भाषेच्या पदरी नेमका शब्द होता ती भाषा दुसरीच्या चुकीचे भाषांतर करीत बसली. आणि ही चूक नुसती शब्दाची नाही. खोली म्हटली की मनात दार येते, खाट येते, दिवा मालवून झोपणारे माणूस येते. खण म्हटला की येतो लाकडाचा सांगाडा, तो उभारणारे हात आणि त्याला जाळू शकणारी आग. १४२० साली हा राजवाडा पुरा झाला आणि दुसऱ्याच वर्षी वीज पडून मुख्य दरबार भस्मसात झाले. आजचा मोठा दरबार सतराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा बांधलेला आहे. अंगणाअंगणांतून धातूचे प्रचंड रांजण पाण्याने भरून ठेवलेले असत, आणि थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली जाळ करावा लागे. आग विझवण्याच्या पाण्याला आगीने जपायचे! चोवीस बादशहा या धास्तीत राहिले. खोल्या मोजणाऱ्याला हे रांजण फक्त छायाचित्रापुरते दिसतात.

वास्तूच्या रचनेत जे नाट्य आहे तेही असेच हातचे निसटते. दक्षिणेकडून आत शिरावे तर दरवाजामागून दरवाजा, अंगणामागून अंगण, आणि दरबारांपुढच्या त्या अफाट फरसबंदीवर एकही झाड नाही. बादशहा ध्रुवाच्या ठिकाणी, उत्तरेस पाठ करून बसलेला. बाकीच्यांनी त्याच्याभोवती फिरायचे. मुख्य वेशीचा मधला दरवाजा एकट्या त्याचा. बादशहाची वधू लग्नाच्या दिवशी त्यातून एकदा आत येई, आणि राजपरीक्षेत पहिले आलेले तिघे जण एकदा त्यातून बाहेर पडत. (शिक्षकाच्या मनाला सुखावणारी एवढी एकच गोष्ट मला त्या राजवाड्यात सापडली.) अशा वास्तूचे वर्णन करायचे तर लेखकाने प्रथम स्वतः लहान झाले पाहिजे, कोणत्या दाराने मला आत घेतले असते हे स्वतःला विचारले पाहिजे. आमचा प्रवासी तिकीट काढून मधल्या दाराकडे पाहतो आणि 'भव्य' हा शब्द लिहून मोकळा होतो.

याच्या उलट टोकाला आहे तेथे राहिलेल्याचे लेखन. शेवटचा बादशहा पू यी तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा, १९०८ साली, गादीवर बसला. १९१२ मध्ये त्याचे राज्य गेले, तरी १९२४ पर्यंत राजवाड्याच्या आतल्या भागात त्याला राहू दिले. त्याचे आत्मचरित्र १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते नव्या राजवटीच्या नजरेखाली लिहिलेले आहे, आणि त्यातला पश्चात्ताप कित्येक ठिकाणी पाठ केल्यासारखा वाटतो. पण त्यात एक गोष्ट आहे जिच्यापुढे सगळे आकडे फिके पडावेत. या मुलाला सायकल शिकायची होती. वाड्यातले उंबरठे आड येत होते. पूर्वजांना शतकानुशतके ज्यांची अडचण झाली नव्हती ते उंबरठे त्याने कापून काढवले.

उंबरठा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, ज्याच्या घरची सून माप ओलांडून आत आली आहे, त्याला या प्रसंगाचा अर्थ समजावून देण्याची गरज नाही. बेर्तोलुची या इटालियन दिग्दर्शकाने १९८७ मध्ये याच बादशहावर 'द लास्ट एम्परर' हा चित्रपट काढला. प्रत्यक्ष राजवाड्यात चित्रीकरण करण्याची परवानगीही मिळवली. त्याच्या शेवटी म्हातारा पू यी तिकीट काढून आत जातो आणि सिंहासनामागे लहानपणी लपवलेली किड्याची डबी काढून पहारेकऱ्याच्या मुलाला देतो. आणि इतक्या वर्षांनी आतला किडा जिवंत निघतो. प्रसंग देखणा आहे, प्रेक्षक हळहळतो, आणि मला तो मुळीच पटत नाही. किडा कवीचा आहे, कापलेले उंबरठे त्या मुलाचे आहेत.

राजवाड्यात ज्याचे काही काम होते, ज्याला तेथे काही मिळवायचे किंवा गमवायचे होते, त्यालाच राजवाडा दिसतो असे मला म्हणायचे आहे. आणि याला मराठीतलाच भक्कम पुरावा आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवावयास उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केले. झाशीच्या वाड्यात भटजींना राणीची दिनचर्या दिसते, तिचा दानधर्म दिसतो, कारण त्यावर त्यांचे पोट आहे. पुढे १८५८ मध्ये शहर पडते तेव्हा लूट कोणत्या क्रमाने झाली, आधी सोने-रुपे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, हे ते एखाद्या घरकर्त्याच्या काटेकोरपणे सांगतात. वाडा केवढा होता याची चिंता त्यांना नाही. जीव आणि दक्षिणा दोन्ही पणाला लागलेल्या माणसाचे ते गद्य आहे. मराठी प्रवासवर्णनाचा आरंभ इतका सकस असताना आपण मार्गदर्शिकेच्या वळचणीला का गेलो, हे कोडे मला सुटलेले नाही.

दुसऱ्याला दोष देणे सोपे आहे. माझ्या हातून काय झाले तेही सांगतो. आमच्या या मुलखातला पाहण्याजोगा राजवाडा म्हणजे जव्हारचा जयविलास. मुकणे घराण्यातील यशवंतरावांनी संस्थानाच्या अखेरच्या काळात उभारलेला. काही वर्षांपूर्वी मी वर्गातली मुले तेथे नेली होती. परत आल्यावर शिरस्त्याप्रमाणे 'मी पाहिलेला राजवाडा' हा निबंध लिहावयास दिला. वह्या तपासताना लक्षात आले की सगळ्यांनी एकच राजवाडा पाहिला आहे: टेकडी, दगडी घुमट, भव्यदिव्य, डोळ्यांचे पारणे फिटले. हे शब्द त्यांना मीच शिकवले होते.

एका वारली मुलाने मात्र पाऊण पानच लिहिले होते. त्याची आजी तरुणपणी लाकडाच्या मोळ्या घेऊन वाड्याच्या मागल्या अंगाला येत असे. मोळी कोठे टाकायची, पैसे मिळेपर्यंत कोणत्या झाडाखाली थांबायचे, हे तिने त्याला सांगून ठेवले होते. सहलीत सगळी मुले पुढून घुमट पाहत असताना तो एकटा मागे गेला आणि ते झाड शोधू लागला. झाड सापडले नाही, असे त्याने लिहिले होते. आजीला काय सांगू, असे विचारून निबंध संपवला होता.

मी त्याला दहापैकी चार गुण दिले आणि खाली लाल शाईने शेरा मारला : 'राजवाड्याचे वर्णन नाही.'