अकरा महिन्यांचा करार आणि बीट हवालदार

सणसवाडीत आम्ही सहा खोल्या बदलल्या. दर वेळी अकरा महिन्यांचा करार, दर वेळी भाडेकरू नोंदणीचा फॉर्म, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो. वडील कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते. पोलिसांशी आमचं नातं म्हणाल तर एवढंच, आणि तेही घरमालकाच्या मार्फत. फॉर्म तोच नेऊन द्यायचा.

हे आठवलं ते सुरेश खोपडे यांचं ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ वाचताना. पुस्तक हातात घेतलं ते शीर्षकातल्या ‘का नाही’साठी. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी पानभर रिपोर्ट लिहावा लागतो. ज्या रात्री तो पडला नाही, त्या रात्रीचा रिपोर्ट कोणी मागत नाही. खोपड्यांनी तो लिहिलाय, आणि तोही पोलीस अधिकाऱ्याने लिहावा हे विशेष.

भिवंडी १९७० मध्ये पेटली, १९८४ मध्ये पुन्हा पेटली. १९७० च्या दंगलीवर न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांनाही सोडलं नव्हतं. १९८८ मध्ये खोपडे तिथे उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समितीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि जबाबदारी खालच्या दर्जाच्या पोलिसाकडे. शांतता समिती म्हटलं की आपल्याला पांढरे कपडे घातलेले पुढारी, चहा-बिस्किटं आणि सणाच्या आदल्या दिवशीचा फोटो आठवतो. इथे उलट होतं. लोक एरवीही भेटायचे, आणि बोलणं असायचं नळाचं, गटाराचं, शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या हिशोबाने ९०० माणसं मेली. भिवंडीत मोठी दंगल झाली नाही.

पुस्तकाचा खरा नायक म्हणूनच खोपडे नाहीत, हवालदार आहे. अफवा आल्यावर ‘अरे, तसं काही नाही, मी आत्ताच तिकडून आलो’ असं सांगणारा, आणि ज्याचं ऐकलं जातं असा माणूस. हा विश्वास दंगलीच्या दिवशी कमावता येत नाही. पुस्तकातलं सगळ्यात पटणारं हेच.

आता आमच्याकडे या. २८-२९ डिसेंबर २०१७ ला वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद झाला, गुन्हे दाखल झाले. १ जानेवारी २०१८ ला कोरेगावच्या लढाईला २०० वर्षं होणार आणि पेरण्याच्या जयस्तंभाला लाखो लोक येणार, हे सगळ्या जगाला माहीत होतं. मध्ये तीन दिवस होते. १ तारखेला कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि नगर रोडवर दगड उडाले, गाड्या जळल्या, सणसवाडीत राहणारा एक तरुण जमावाच्या मारहाणीत गेला. मी तेव्हा कॉलेजच्या हॉस्टेलवर होतो. आईने फोनवर सांगितलं, ‘शटर खाली घेतलंय, तू येऊ नकोस.’ शटर खोलीला नव्हतं, खालच्या किराणा दुकानाला होतं. पण ती तसंच म्हणाली.

पुढची चर्चा तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायमूर्ती जे. एन. पटेल आणि सुमित मल्लिक यांचा चौकशी आयोग नेमला गेला, मुदतवाढीमागून मुदतवाढ झाली. गावांतल्या हिंसेचे गुन्हे पुणे ग्रामीण पोलिसांकडे होते. पण देशभर गाजला तो पुणे शहर पोलिसांचा एल्गार परिषदेचा तपास: जूनपासूनच्या अटका, आणि जानेवारी २०२० मध्ये एनआयए. त्या तपासावर माझं मत आहे, पण इथला प्रश्न वेगळा आहे. सगळे वर बघत होते, कट कोणी रचला म्हणून. खाली कोणी विचारलं नाही की त्या तीन दिवसांत गल्लीतल्या पोलिसाला काय कळलं होतं, त्याने कोणाला सांगितलं आणि ते कोणी ऐकलं. खोपडे हाच प्रश्न विचारतात, म्हणून हे पुस्तक इथे वाचायला हवं.

तरी सगळंच्या सगळं पटत नाही. सुरुवातीला मला वाटलं, हे मॉडेल पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत राहणाऱ्यांसाठी आहे, आमच्यासारख्या भाडेकरूंसाठी नाही. मग लक्षात आलं की भिवंडीही यंत्रमागांवर बाहेरून आलेल्या माणसांचीच. म्हणजे आक्षेप थोडा लंगडा पडतो. फरक एवढाच की तिथला माणूस मागाशेजारच्या मोहल्ल्यात वर्षानुवर्षं राहायचा. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टर बदलला की खोली बदलते. मराठवाड्यातला, बिहारमधला पोरगा शिफ्टवरून येतो, झोपतो, जातो. त्याला समितीत कोण बसवणार? त्याचं तर मतदार यादीतही नाव नाही.

दुसरी अडचण मोठी. भिवंडीत दोन बाजू समोरासमोर बसवल्या, दोघांना बरोबरीने. गावात जात तशी बसत नाही. जमीन कोणाची, खोल्या कोणाच्या, पाण्याचा टँकर कोणाचा, हे ठरलेलं असतं. तिथे समिती केली तर ती गावकीचीच आवृत्ती होते. पोलिसानेही त्यात कोणाच्या ओट्यावर चहा घेतला हे अख्खं गाव बघतं. आर. आर. पाटलांनी १५ ऑगस्ट २००७ ला सुरू केलेली तंटामुक्त गाव मोहीम मला इथेच खटकते. वाद मिटले की गावाला बक्षीस. मग मिटवायचं कोणी, आणि ‘जाऊ दे ना, गावाचं नाव खराब होईल’ असं कोणाला सांगितलं जातं? ज्याचा वाद सगळ्यात खरा असतो त्यालाच. खोपड्यांची पद्धत याहून बरी, कारण त्यात वाद लपवल्याबद्दल बक्षीस नाही. पण जातीच्या उतरंडीवर तिच्याकडेही उत्तर नाही.

तिसरं, वाद पोलिसांशीच असेल तर? जुलै २००६ मध्ये भिवंडीतच, कब्रस्तानाजवळ पोलीस ठाणं बांधण्यावरून गोळीबार झाला. दोन नागरिक आणि दोन पोलीस मेले. तोपर्यंत खोपडे कधीच बदलून गेले होते. अधिकारी गेला की पद्धत राहत नाही, ही पुस्तकाची उणीव नाही, ती राज्याच्या पोलीस दलाची. तरी पुस्तक ते पुरेसं सांगत नाही. एक चांगला अधिकारी आला नि सगळं बदललं, ही गोष्ट वाचायला छान वाटते. बदलीच्या ऑर्डरपुढे ती टिकत नाही.

दर १ जानेवारीला आता आमच्याकडे हजारो पोलीस येतात. वाहतूक वळवली जाते, वर ड्रोन फिरतो, ग्रुप अ‍ॅडमिनना नोटिसा जातात. बंदोबस्त चांगला असतो, हे मान्य केलंच पाहिजे. पण ते सगळे बाहेरून आलेले असतात आणि दोन तारखेला परत जातात.

पुस्तक संपल्यावर मी जुन्या घरमालकाला फोन केला, आपल्याकडचे बीट हवालदार कोण म्हणून. ते म्हणाले, ‘होते एक, चांगले होते. बदलले वाटतं. का रे, फॉर्म भरायचाय का?’