‘रणांगण’ आणि कॅमेरा

कादंबरीकारानेच आपल्या कादंबरीचा चित्रपट दिग्दर्शित करावा, म्हणजे तिचा आत्मा शाबूत राहतो, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते पटत नाही. विश्राम बेडेकरांचे उदाहरण त्याच्या आड येते.

चित्रपटाचे तंत्र शिकायला बेडेकर इंग्लंडला गेले, आणि परतीच्या बोटीवरील अनुभवातून १९३९ साली ‘रणांगण’ ही कादंबरी आली. पुढे त्यांनी ‘पहिला पाळणा’ (१९४२), ‘लाखाराणी’ (१९४५), ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) असे चित्रपट केले. प्रभातच्या ‘रामशास्त्री’च्या (१९४४) दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. कॅमेरा हाताशी असूनही ‘रणांगण’ मात्र त्यांनी त्याच्यापुढे नेली नाही. त्यांच्या मनात काय होते हा तर्क नको. कादंबरी काय सांगते ते पाहू.

वरवर पाहता ती चित्रपटासाठीच लिहिल्यासारखी आहे. एक बोट, थोडे दिवस, नाझींच्या छळातून निसटलेली ज्यू हॅर्टा आणि मराठी चक्रधर. मुंबई येते, तो उतरतो, ती पुढे जाते. धक्का, शिडी, रुमाल, सारे टिपता येईल. परंतु या ताटातुटीत नाइलाज किती आणि कचखाऊपणा किती, याचा जो हिशेब चक्रधर मनाशी मांडतो, तीच खरी कादंबरी. हॅर्टाची पत्रेही तो हिशेब मिटू देत नाहीत. निवेदकाचा हा आवाज काढून घ्या. उरेल ते बोटीवरचे प्रेमप्रकरण.

त्याच सुमारास फ्रेंच कादंबरीकार आंद्रे मालरो याने स्पेनच्या यादवी युद्धावरील आपल्या कादंबरीचा चित्रपट स्वतः केला. त्याला ते साधले, कारण त्याने तिचा एकच भाग उचलला आणि बाकीचा निर्धाराने टाकला. मालरोला टाकता आले. ‘रणांगण’मध्ये टाकण्याजोगे काही नाही. आत्मा राखण्याची हमी लेखकाच्या दिग्दर्शनाने मिळत नाही, ती कृतीच्या घडणीत असते.

हा विचार मला हौसेने सुचलेला नाही. माझ्या एका कादंबरीचा चित्रपट मीच करावा, असे अंधेरीच्या एका निर्मात्याने सुचवले होते. माझा नायक शाळामास्तर आहे. त्याचे मनातले बोलणे थांबवले, की बोरिवलीच्या फलाटावर लोकलची वाट पाहणारा एक इसम तेवढा उरतो. त्याला पाहायला तिकीट कोण काढील? मी नकार कळवला आहे.